आपला किनारा कोणाच्या लग्नात गेला?

नवापूर, दांडी, उच्छेळी, आलेवाडी, तारापूर, चिंचणी, बोईसर, जिथे जिथे आवाज पोचतोय तिथल्या सगळ्या ताया, मावश्या आणि आज्यांना माझा नमस्कार. हातातलं काम चालू राहू द्या. मासळी निवडता निवडता ऐकलंत तरी चालेल.

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बायका एका कामासाठी तारापूरला गेल्या होत्या. परत येताना किल्ल्याच्या भिंतीपाशी सावलीला बसलो. आमच्या गटातल्या एका मावशींनी वर बघून विचारलं, "ताई, हे कोणाचं होतं गं?" मी म्हटलं, "फिरंग्यांचं. पोर्तुगीजांचं." त्यावर मावशींचा दुसरा प्रश्न आला, "मग आपल्या लोकांनी त्यांना येऊ कसं दिलं?"

माझा बी.ए.ला इतिहास होता, तरी पटकन उत्तर सुचेना. नंतर घरी जुनी पुस्तकं काढली आणि उत्तर सापडलं. आपल्या लोकांना कोणी विचारलंच नव्हतं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा विचारलं नव्हतं. आजची गोष्ट त्याच "न विचारण्याची" आहे. आणि हो, त्या दिवशी मावशींच्या पिशवीत एक कागद होता. त्याच्याकडे शेवटी येते.

सुरुवात करू १५३४ सालापासून. तेव्हा आपला हा किनारा गुजरातच्या सुलतानाकडे होता. सुलतानाचं नाव बहादूरशाह. उत्तरेकडून मोगल बादशाह हुमायून त्याच्यावर चालून येण्याच्या बेतात होता आणि समुद्रात पोर्तुगीजांची जहाजं त्रास देत होती. दोन्हीकडून कोंडी झाली. तेव्हा बहादूरशाहाने डिसेंबर १५३४ मध्ये तह केला आणि वसई, तिच्या आसपासचा मुलूख आणि बेटं पोर्तुगीजांना देऊन टाकली. त्यात मुंबईही होती. पुढे १५५९ मध्ये पोर्तुगीजांनी दमण घेतलं. वसई ते दमण हा सगळा पट्टा त्यांच्या हाती आला. केळवे-माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू इथे त्यांचे कोट उभे राहिले. आत मनोरजवळ अशेरीगडही त्यांच्याकडे होता. त्या वाटेवर पोर्तुगीजांचं राजचिन्ह कोरलेला दगड आजही बघायला मिळतो. मराठी कागदांत या मुलखाला "फिरंगाण" म्हणत.

म्हणजे सुलतान अडचणीत आला आणि गावं गेली. शेतात भात लावणाऱ्या बाईला, होडीवर जाणाऱ्या गड्याला हे कधी कळलं असेल? सारा मागायला नवा माणूस दारात उभा राहिला तेव्हा.

आता गोष्ट थोडी लांब जाते. पोर्तुगाल हा युरोपातला छोटासा देश. त्याचा राजा सेबॅस्टियन तरुण होता, लग्न झालेलं नव्हतं. १५७८ साली तो मोरोक्कोत लढायला गेला आणि तिथेच मारला गेला. मागे मूलबाळ नाही. आजोबांचा भाऊ गादीवर बसला, तो म्हातारा आणि धर्मगुरू. १५८० मध्ये तोही वारला. गादी रिकामी झाली.

मग हक्क सांगणारे पुढे आले. आपल्याकडे जमिनीच्या वारसावरून होतं तसंच. मॅन्युएल नावाचा एक जुना राजा होता, त्याची नातवंडं पुढे आली. एक होती कॅथरिन, ब्रागांझा घराण्यातली. ती मुलाची मुलगी. दुसरा फिलिप, तो मुलीचा मुलगा. कॅथरिनचा हक्क मुलाकडून आलेला, म्हणून त्या काळच्या हिशोबाने बळकट होता. पण ती बाई. आणि फिलिप होता स्पेनचा राजा, हाताशी सैन्य आणि पैसा असलेला. गादी कोणाला मिळाली हे सांगायला नको. १५८० पासून पुढची ६० वर्षं पोर्तुगालवर स्पेनच्या राजांनी राज्य केलं. म्हणजे १५८० ते १६४० या काळात आपल्या तारापूरचा, माहीमचा, डहाणूचा मालक पोर्तुगीजसुद्धा नव्हता. तो पोर्तुगीजांवर राज्य करणारा परका राजा होता. परक्याच्या वर परका.

या फिलिपचं घराणं हॅब्सबर्ग. ऑस्ट्रियावर राज्य करणारं. लढाया त्यांनीही केल्या, पण त्यांचं नाव झालं ते लग्नांमुळे. मुलगी द्यायची, मुलगी करायची आणि पुढेमागे तिकडची गादी आपल्याकडे यायची.

हंगेरी नावाचा देश त्यांच्याकडे असाच आला. १५१५ मध्ये व्हिएन्ना शहरात दोन घराण्यांत साटंलोटं ठरलं. हंगेरीच्या राजपुत्राला हॅब्सबर्गांची मुलगी आणि हंगेरीच्या राजकन्येला, ॲनाला, हॅब्सबर्गांचा मुलगा. साटंलोटं आपल्यालाही काही नवीन नाही. ११ वर्षांनी, २९ ऑगस्ट १५२६ रोजी, मोहाच इथे तुर्कांशी लढाई झाली. हंगेरीचा राजा लायोश जेमतेम २० वर्षांचा. पळताना तो ओढ्यात बुडून मेला. त्यालाही मूल नव्हतं. मग ॲनाचा नवरा फर्डिनंड पुढे आला आणि बायकोच्या नात्याने हंगेरीची गादी मागितली. (त्याच १५२६ सालात आपल्याकडे पानिपतावर बाबर जिंकला होता, हेही लक्षात ठेवा.)

हंगेरीचे पुढे तीन तुकडे झाले. पश्चिमेचा पट्टा हॅब्सबर्गांकडे, मधला मुलूख तुर्कांकडे, पूर्वेला ट्रान्सिल्व्हेनियाचं वेगळं राज्य. मधल्या सीमेवरचा शेतकरी दोघांनाही कर देत असे. सकाळी एकाचा माणूस, संध्याकाळी दुसऱ्याचा.

आपल्याकडेही तेच होतं. किनारा पोर्तुगीजांचा, डोंगराकडे जव्हारचे आणि रामनगरचे राजे. दमणच्या गावांवर रामनगरच्या राजाचा चौथाईचा हक्क होता आणि पोर्तुगीज तो भरत. १६७२ मध्ये मराठ्यांनी जव्हार आणि रामनगर घेतलं तेव्हा चौथाई मागायला तेही पुढे आले. शेत एकच, मागणारे अनेक.

आता गंमत बघा. १५८० च्या सुमारास हंगेरीचा राजा होता रुडॉल्फ. तो आपल्या फिलिपचा सख्खा भाचा, बहिणीचा मुलगा. म्हणजे तिकडे हंगेरीत भाचा आणि इकडे तारापूरला मामा. एकाच कुटुंबाच्या वाटणीत हजारो कोसांवरची दोन ठिकाणं. हंगेरीतल्या बाईला तारापूर माहीत नाही, तारापूरच्या बाईला हंगेरी माहीत नाही, आणि दोघींच्या पिकाचा वाटा एकाच घराण्याकडे जातोय.

पण एक फरक होता, आणि तोच मला मैत्रिणींना सांगायचा आहे.

हंगेरीच्या सरदारांची सभा असे. नवा राजा बसताना ती त्याच्याकडून शपथ घेई, की आमचे कायदे, आमचे हक्क पाळीन. राजे शपथ मोडत, मग भांडणं होत, बंडं होत. इलोना झ्रिनी नावाच्या बाईने तर हॅब्सबर्ग फौजेपुढे मुंकाच हा किल्ला १६८५ पासून १६८८ च्या जानेवारीपर्यंत, दोन वर्षांहून जास्त काळ लढवला. पुढे तिच्याच मुलाने, फेरेन्त्स राकोत्सीने, १७०३ ते १७११ मोठा उठाव केला. म्हणजे राजा परका होता, तरी निदान वरच्या लोकांनी त्याच्याकडून काही कबूल करून घेतलं होतं. ते मोडलं की बोट दाखवता येत होतं.

पोर्तुगालच्या सरदारांनीही तेच केलं. १५८१ मध्ये तोमार या गावी सभा भरली. तिथे फिलिपने कबूल केलं की पोर्तुगालचे कायदे, भाषा, नाणं तसंच राहील आणि कारभाराच्या जागा पोर्तुगीजांनाच मिळतील. मगच त्यांनी त्याला राजा मानलं.

आणि आपल्या किनाऱ्याला? इथल्या कुणबी, भंडारी, कोळी, मांगेला, वाडवळ, वारली लोकांना कोणी सभेला बोलावलं? कोणी शपथ दिली? कोणीही नाही. हंगेरीतल्या साध्या शेतकऱ्यालाही कोणी विचारलं नव्हतं, हेही सांगायला हवं. विचारणं झालं ते वरच्या वर. आपण तर त्या पंगतीतच नव्हतो.

तुम्ही म्हणाल, राजा लिस्बनला असो की माद्रिदला, इथे कप्तान तोच, सारा तोच, मग आपल्याला काय फरक पडला? पडला. सासरची भांडणं माहेरी आली.

स्पेनच्या राजाचं इंग्रजांशी आणि डचांशी वैर होतं. पोर्तुगालचं त्यांच्याशी तसं भांडण नव्हतं. पण राजा एक झाला म्हणून वैरीही एकच झाले. १६०० च्या शेवटच्या दिवशी लंडनला ईस्ट इंडिया कंपनी निघाली, १६०२ मध्ये डचांची कंपनी निघाली, आणि दोघींची जहाजं आपल्या समुद्रात येऊ लागली. १६१२ मध्ये सुरतेजवळ सुवाळीच्या किनाऱ्यावर इंग्रजांनी पोर्तुगीजांना हरवलं. १६२२ मध्ये होर्मुझ गेलं. ऑक्टोबर १६२६ मध्ये इंग्रज आणि डच जहाजांची माणसं मुंबईत उतरली आणि त्यांनी घरं जाळली. त्या घरांत राहणाऱ्यांचं हॉलंडशी कसलं भांडण होतं? युद्धाला पैसा लागतो म्हणून याच काळात किल्ल्यांच्या कप्तानांच्या जागासुद्धा पैसे घेऊन विकल्या गेल्या. पैसे देऊन जागा घेतलेला माणूस ते पैसे कुठून वसूल करणार? खालच्या माणसाकडूनच. "लिलाव" हा आपला शब्द मूळचा पोर्तुगीज आहे. पगार, चावी, तुरुंग, घमेलं हेही त्यांचेच. राज्य गेलं, शब्द घरात राहिले.

आता गावांची व्यवस्था कशी होती ते सांगते, कारण त्यात बायकांचा संबंध येतो. पोर्तुगीज राजा गावं पोर्तुगीज कुटुंबांना पट्ट्याने देई, बहुतेक वेळा तीन हयातींसाठी. घेणाऱ्याने राजाला ठरलेला फाळा द्यायचा, मुलखाच्या रक्षणासाठी घोडा आणि हत्यार बाळगायचं. खालचा शेतकरी त्या मालकाला भाताच्या मुड्यांत खंड घालायचा. यातली काही गावं बायकांच्या नावावर दिली जात. लिस्बनहून राजाच्या खर्चाने अनाथ मुली इकडे पाठवत आणि त्यांच्या लग्नात आंदण म्हणून एखादी सरकारी जागा किंवा गाव देत. आईकडून मुलीकडेही गाव जाई.

ऐकायला बरं वाटतं ना? चारशे वर्षांपूर्वी बाईच्या नावावर गाव! पण अट ऐका. त्या बाईने पोर्तुगीज माणसाशीच लग्न करायचं. म्हणजे गाव बाईच्या नावावर होतं ते बाईसाठी नव्हतं. दूर देशी आलेला आपला शिपाई इथे टिकावा, त्याला घर आणि उत्पन्न मिळावं, म्हणून होतं. नाव तिचं, सोय राजाची. आणि त्या गावात राबणाऱ्या कुणबी बाईचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं.

पुढची गोष्ट तर सरळ लग्नाचीच आहे. १ डिसेंबर १६४० रोजी पोर्तुगीजांनी स्पेनच्या राजाविरुद्ध उठाव केला आणि आपला राजा बसवला. कोण हा राजा? ६० वर्षांपूर्वी जिचा हक्क डावलला होता त्या कॅथरिनचा नातू, चौथा जुआंव. आजीचा हक्क नातवाला मिळाला. पण स्पेनशी लढाई २८ वर्षं चालली. मदतीला मोठा सोयरा हवा होता. म्हणून १६६१ मध्ये जुआंवच्या मुलीचं, तिचंही नाव कॅथरिन, इंग्लंडच्या राजाशी लग्न ठरलं. हुंड्यात काय दिलं? रोकड दिली, आफ्रिकेतलं टँजिअर दिलं आणि आपली मुंबई दिली.

मुंबई तेव्हा एका विधवा बाईच्या नावावर होती, दोना इग्नेस द मिरांडा. १८ फेब्रुवारी १६६५ रोजी ताबा देण्याघेण्याच्या सह्या तिच्याच मोठ्या घरात झाल्या. घर तिचं, बेट तिच्या नावाचं, पण देणारा राजा लिस्बनला आणि घेणारा लंडनला. तीन वर्षांनी इंग्लंडच्या राजाने तेच बेट वर्षाला १० पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकलं. हॅब्सबर्गांच्या वारसाहक्कापासून सुरू झालेली दोरी अशी आपल्या चर्चगेटपर्यंत येते.

आपला उत्तरेचा किनारा मात्र पोर्तुगीजांकडेच राहिला. धर्माच्या बाबतीतही त्यांनी सक्ती केली, देवळं पाडली. लोकांच्या तक्रारी पेशव्यांपर्यंत पोचवणाऱ्यांत अंजूरचे गंगाजी नाईक यांचं नाव येतं. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांची फौज आपल्या भागात आली. माहीम, तारापूर, डहाणू घेतलं. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर पडले. मे १७३९ मध्ये वसई शरण आली. पोर्तुगीजांना बायकामुलं आणि सामान घेऊन जाऊ दिलं आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळता आला. आज वसईकडच्या आपल्या ख्रिस्ती मैत्रिणी वाडवळी, सामवेदी बोलतात. राज्य परकं होतं, माणसं इथलीच आहेत, हे विसरायचं नाही.

आपल्या भाषेचं राज्य आलं हे खरंच. पण सारा भरणारी बाई तीच राहिली, आणि तिला अजूनही कोणी विचारलं नव्हतं. विचारायला सुरुवात झाली ती फार पुढे, मताचा हक्क आला तेव्हा, ग्रामसभा आली तेव्हा.

आता मावशींच्या पिशवीतल्या कागदाकडे येते.

मावशींच्या माहेरची थोडी जमीन आहे. आपल्या भागात जमिनींना आता भाव आहे, रस्ते, रेल्वे, कारखाने यांमुळे मोबदल्याची बोलणी चालू असतात. भावांनी एक कागद पाठवला होता. म्हणाले, "फक्त सही करायची आहे, बाकी आम्ही बघतो." मावशी त्या दिवशी सही करूनच कागद परत द्यायच्या होत्या. किल्ल्याखाली बसलो असताना त्यांनी तो मला दाखवला. मी वाचून दाखवला. ते हक्कसोडपत्र होतं. मावशी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मला पण विचारलं नाही की."

मी त्यांना सही करा किंवा करू नका असं काही सांगितलं नाही. भाऊ त्यांचा, माहेर त्यांचं. मी एवढंच सांगितलं की मावशी, वाचल्याशिवाय करू नका आणि घाईने करू नका. त्यांनी कागद तसाच ठेवला आहे. भाऊ रुसले आहेत. राखीला काय होईल ही मावशींना काळजी आहे, आणि ती काळजी खोटी नाही. पण एक झालं, आता भावांना बोलावं लागतंय. "बाकी आम्ही बघतो" एवढ्यावर भागत नाही.

मैत्रिणींनो, २००५ पासून हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. आपल्या आदिवासी मैत्रिणींना हा कायदा सरसकट लागू होत नाही आणि इतर धर्मांचे नियम वेगळे आहेत, म्हणून आपल्याला काय लागू आहे ते विचारून घ्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बायकांना वकिलाचा सल्ला मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी. सातबारा काढून त्यावर आपलं नाव आहे का ते बघा. आणि नाव असेल तर दोना इग्नेसची आठवण ठेवा. घर आपल्या नावावर, पण कागद कोणाच्या कपाटात? कर्ज आपल्या नावावर, पण पैसे कोणी खर्च केले? गटाच्या ठरावावर सही आपली, पण ठराव वाचला का?

नेहमीच्या ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते. तिथे जा. बोला, आणि बोललेलं इतिवृत्तात लिहून घ्या. हंगेरीच्या सरदारांना जे पाचशे वर्षांपूर्वी कळलं होतं ते एवढंच की राजाकडून आधी शपथ घ्यायची, मग मुजरा करायचा. आपल्यालाही आधी वाचायचं आहे, मग सही करायची आहे.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातला एक कागद घेऊन या. कोणताही. सातबारा, घरपट्टी, कर्जाचा करार, विम्याची पावती. ज्यांना वाचता येतं त्या वाचतील, ज्यांना येत नाही त्या प्रश्न विचारतील. मावशी म्हणाल्या आहेत, पहिला कागद त्यांचा.

येते मग. नमस्कार.